अमेरिकेत स्टेटस नसताना पोलिसांनी गाडी थांबवली तर काय दाखवायचं आणि काय बोलायचं नाही

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या, बाकी सगळं तिच्याभोवतीच आहे. ट्रॅफिक स्टॉपमध्ये दोन विषय असतात. एक म्हणजे गाडी आणि ड्रायव्हिंग, म्हणजे लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स. दुसरा म्हणजे तुम्ही कुठले, या देशात कसे आलात, व्हिसा आहे का. पहिल्या विषयात पोलिसाला कागद दाखवावेच लागतात, तिथे हक्काची भाषा करून काही उपयोग नाही. दुसऱ्या विषयात गप्प बसायचा हक्क आहे, आणि तो स्टेटस, म्हणजे इथे राहायची कायदेशीर परवानगी, नसलेल्या माणसालाही आहे. आपल्या लोकांचं नेमकं उलटं होतं, लायसन्स शोधताना हात थरथरतात आणि तोंड मात्र सुरू होतं, साहेब माझा एच-१बी होता, कंपनीने काढलं, वकील बघतोय, पुढच्या महिन्यात होईल. पोलिसाने एवढंच विचारलेलं असतं की टेललाइट बंद का आहे.

मी वकील नाही, न्यू जर्सीत बरीच वर्षं राहतोय आणि इथल्या मंडळींना हे परत परत सांगावं लागतं म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय. नियम राज्यागणिक बदलतात आणि इमिग्रेशनचे तर सध्या महिन्यागणिक, त्यामुळे स्वतःच्या केसचं वकिलाशीच बोला.

आधी हा लेख कोणासाठी आहे ते सांगतो, कारण अनडॉक्युमेंटेड म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मेक्सिकोची बॉर्डर येते आणि वाटतं आपला काय संबंध. आपल्यात बहुतेक लोक रीतसर व्हिसावर विमानाने आलेले असतात आणि नंतर स्टेटस जातं. लेऑफ झाला, एच-१बीचा जास्तीत जास्त साठ दिवसांचा ग्रेस पिरियड संपला आणि नवी पिटिशन फाइल झाली नाही. विद्यार्थ्याने फी भरता आली नाही म्हणून सेमिस्टर सोडलं. घटस्फोट झाला आणि एच-४, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा, गेला. आई-बाबा बी-२ वर, म्हणजे टुरिस्ट व्हिसावर आले आणि आजारपणात आय-९४ ची, म्हणजे कधीपर्यंत राहता येईल ते सांगणाऱ्या नोंदीची, तारीख उलटून गेली. हे सगळे कायद्याच्या नजरेत एकाच टोपलीत नाहीत, पण रस्त्यावर मागे लाल-निळे दिवे लागल्यावर प्रश्न सगळ्यांना तेच येतात.

आणि ज्यांचं स्टेटस व्यवस्थित आहे त्यांनीही निर्धास्त राहू नका. एप्रिल २०२५ मध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांचे सेव्हिस रेकॉर्ड, म्हणजे विद्यार्थी म्हणून असलेली सरकारी नोंद, अचानक बंद केले गेले, त्यात भारतीय पोरं खूप होती, आणि काहींच्या नावावर होतं काय तर जुनं ट्रॅफिक प्रकरण किंवा केव्हाच निकाली निघालेली किरकोळ केस. पोरं कोर्टात गेली, महिनाअखेरीस सरकारने रेकॉर्ड परत चालू करायला घेतले, पण तोवर कित्येकांचे जीव टांगणीला लागले होते.

गाडी बाहेर काढायच्या आधी

खरं सांगायचं तर हक्कांपेक्षा हा भाग जास्त कामाचा आहे, कारण गाडी थांबलीच नाही तर पुढचं काही लागतच नाही.

लायसन्सपासून सुरू करू. एकोणीस राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी इमिग्रेशन स्टेटस न बघता लायसन्स देतात. न्यू जर्सीत डिसेंबर २०१९ मध्ये कायदा झाला आणि मे २०२१ पासून प्रत्यक्षात लायसन्स मिळायला लागलं, न्यूयॉर्कचा कायदा २०१९ चा, कॅलिफोर्नियात जानेवारी २०१५ पासून आहे, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड, व्हर्जिनिया, वॉशिंग्टन स्टेट इथेही आहे. टेक्सास, जॉर्जिया, फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलायना इथे नाही. म्हणजे जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या माणसाला जे मिळतं ते टेक्सासमधल्या फ्रिस्को किंवा जॉर्जियातल्या अल्फारेटाला राहणाऱ्या त्याच्या भावाला मिळत नाही. हे रिअल आयडी (फेडरल कामांना चालणारं ओळखपत्र) नसतं, त्यावर तसं छापलेलं असतं, पण गाडी चालवायला पूर्ण वैध असतं.

इथे एक खड्डा आहे ज्यात आपले लोक हमखास पडतात. व्हिसावर असताना काढलेल्या लायसन्सची मुदत बहुतेक ठिकाणी आय-९४ किंवा व्हिसाच्या तारखेला बांधलेली असते. नोकरी गेली, एक्स्टेन्शन झालं नाही, त्या गडबडीत लायसन्स कधी एक्स्पायर झालं ते लक्षातच येत नाही, आणि रोज त्याच गाडीने पोरांना शाळेत सोडणं चालू. पाकीट काढा आणि आत्ता तारीख बघा. जर्सीसारख्या राज्यात असाल तर व्हिसाच्या कागदांशिवाय मिळणारं साधं लायसन्स काढता येतं, पासपोर्ट आणि पत्त्याचे पुरावे घेऊन मोटर व्हेइकल कमिशनची अपॉइंटमेंट घ्या. फॉर्मवर मतदार नोंदणीचा किंवा सिटिझन असल्याचा चौकोन दिसला तर तिथे टिक करू नका, चुकूनही नाही, का ते पुढे येतंय.

फ्लोरिडाला फिरायला जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना: तिथे २०२३ च्या कायद्याने दुसऱ्या राज्यांनी खास अनडॉक्युमेंटेड लोकांसाठी काढलेली लायसन्सेस अमान्य केली आहेत. डिस्नेची ट्रिप ठरवताना गाडी कोण चालवणार हे आधी ठरवा.

मग गाडी. सुप्रीम कोर्टाने १९९६ च्या व्रेन केसमध्ये सांगून टाकलंय की ट्रॅफिकचा कुठलाही छोटा नियम मोडलेला दिसला की पोलीस गाडी थांबवू शकतो, त्याच्या मनातलं खरं कारण वेगळं असलं तरी. म्हणजे एक दिवा बंद, लेन बदलताना इंडिकेटर नाही, इन्स्पेक्शनचा स्टिकर जुना, एवढं पुरतं. आपल्या गाड्यांच्या रिअर व्ह्यू मिररला काय काय लटकत असतं ते आठवा, गणपती, लिंबू-मिरची, रुद्राक्षाची माळ, शिवाय नातवाच्या बारशातला मोत्यांचा तोरणाचा तुकडा. समोरचं दिसण्यात अडथळा येईल असं काही लटकवणं जर्सीत आणि बऱ्याच राज्यांत नियमाविरुद्ध आहे. गणपतीला डॅशबोर्डवर खाली बसवा, तिथून तो तेवढंच राखतो. नंबर प्लेटवरची डीलरची फ्रेम राज्याचं नाव किंवा आकडे झाकत असेल तर काढून टाका. पुढच्या खिडक्यांना काळी फिल्म नको.

रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स कार्ड ग्लव्ह बॉक्समध्ये एका पाकिटात ठेवा, सर्व्हिसच्या पावत्या, पटेलच्या किराणा बिलांबरोबर नको. लायसन्स वेगळं, हाताला येईल असं. भारतीय पासपोर्ट रोज गाडीत घेऊन फिरू नका असं बहुतेक वकील सांगतात, कारण तो दाखवला की तुम्ही कुठले हे तुम्ही स्वतःच सिद्ध करून दिलं. पण हेही लक्षात घ्या, ज्यांचं स्टेटस चालू आहे, म्हणजे ग्रीन कार्ड किंवा व्हिसावर आहेत, अशा अठरा वर्षांवरच्या माणसांनी रजिस्ट्रेशनचा पुरावा जवळ बाळगावा असा जुना फेडरल कायदा आहे आणि २०२५ पासून तो जोराने लावतायत. त्यांच्यासाठी ग्रीन कार्ड किंवा आय-९४ ची प्रिंट. तुम्ही या दोन्हीच्या मधे कुठेतरी असाल, म्हणजे एक पिटिशन पेंडिंग आहे, एक नाकारलीय, तर काय जवळ ठेवायचं हे वकिलाला विचारूनच ठरवा.

दुसऱ्याचं लायसन्स, खोटं सोशल सिक्युरिटी कार्ड, एडिट केलेला वर्क परमिट, असलं काहीही गाडीत नको. स्टेटस नसणं ही सिव्हिल भानगड आहे, २०१२ च्या ॲरिझोना केसमध्ये सुप्रीम कोर्टाने लिहिलंय की नुसतं या देशात राहत असणं हा साधारणपणे गुन्हा नाही. खोटा कागद दाखवणं मात्र गुन्हा आहे आणि त्यानंतर वकिलाच्याही हातात फार काही उरत नाही.

मागे दिवे लागले

इंडिकेटर द्या, वेग कमी करा, उजवीकडे शोल्डरवर किंवा जवळच्या पार्किंग लॉटमध्ये थांबा. इंजिन बंद, रात्र असेल तर आतला दिवा लावा, खिडकी खाली करा, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे. शेजारच्याचे हात मांडीवर, मागच्या पोरांना सांगा गप्प बसा.

गाडीतून उतरायचं नाही. पुण्यात हवालदाराने शिटी मारली की आपण गाडी बाजूला लावून उतरतो, त्याच्याजवळ जातो, अहो साहेब ऐका तरी, आणि तिथेच काय ते मिटतं. इथे तुम्ही उतरून पोलिसाकडे चालत निघालात तर तो आधी पिस्तुलाकडे हात नेईल. आणि "काहीतरी मिटवू या" हे इथे कुठल्याही भाषेत बोलायचं नाही, लायसन्सच्या खाली वीस डॉलरची नोट ठेवायची नाही, ते लाच देण्यात जातं आणि शंभर-दीडशे डॉलरच्या तिकिटाची तुरुंगाची केस होते.

पोलीस बहुधा विचारेल, तुम्हाला माहितीय का मी का थांबवलं. सांगायची गरज नाही, "नो ऑफिसर" म्हणालात तरी पुरे. मग तो लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स मागेल. हे जवळजवळ प्रत्येक राज्यात ड्रायव्हरला दाखवावं लागतं. हात हलवायच्या आधी सांगा, इट्स इन द ग्लव्ह बॉक्स, आणि मग हळू काढा.

लायसन्सच नसेल तर? खोटं नाव सांगायचं नाही, दादाचं लायसन्स पुढे करायचं नाही. खरं नाव आणि जन्मतारीख द्या. बिना लायसन्स गाडी चालवल्याबद्दल जर्सीत साधारणपणे तिकीट आणि दंड होतो, जॉर्जियासारख्या राज्यात हाच गुन्हा धरून जेलमध्ये नेतात, आणि तिथे बोटांचे ठसे घेतले की खरी अडचण सुरू होते, कारण जेलमध्ये घेतलेले ठसे एफबीआयकडे जातात आणि तिथून आपोआप होमलँड सिक्युरिटीकडे, म्हणजे इमिग्रेशन बघणाऱ्या खात्याकडे. म्हणून स्टेटस नसलेल्यांना लायसन्स न देणाऱ्या राज्यात बिना लायसन्स गाडी चालवणं ही इमिग्रेशनच्या दृष्टीने बाकी कशाहीपेक्षा मोठी जोखीम आहे. मला विचाराल तर तिथल्या लोकांनी बसचं टाइमटेबल शिकावं किंवा लायसन्स असलेल्या मित्राला पेट्रोलचे पैसे द्यावे.

प्रश्न सुरू झाले की

व्हेअर आर यू फ्रॉम, हे वाक्य इथे किराणा दुकानातसुद्धा ऐकू येतं म्हणून आपण सवयीने उत्तर देऊन मोकळे होतो. पोलिसाने विचारलं तर तो गप्पा मारत असेलही, पण तुमचं उत्तर बॉडी कॅमेऱ्यात राहतं. व्हेअर वेअर यू बॉर्न, आर यू अ सिटिझन, हाऊ डिड यू कम हिअर, डू यू हॅव अ ग्रीन कार्ड, या चारही प्रश्नांना एकच वाक्य: "ऑफिसर, आय विश टू रिमेन सायलेंट." आवाज न चढवता, एकदा. पाठ करा, आरशासमोर म्हणा, आई-बाबांना म्हणायला लावा, कारण त्यांची इंग्रजी प्रसंगी गडबडते आणि ते भीतीने यस यस म्हणत सुटतात.

गप्प बसणं आणि खोटं बोलणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आय ॲम अ सिटिझन असं खोटं कधीच म्हणू नका. तो फेडरल गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे इमिग्रेशन कायद्यात त्याचा डाग जवळजवळ कायमचा, पुढे मुलीने सिटिझन होऊन तुमच्यासाठी अर्ज केला तरी तो आडवा येतो. मतदार नोंदणीच्या त्या चौकोनाबद्दल म्हणून सांगितलं. आणि बॉर्डर चालत ओलांडून आलेल्यांसाठी, "कसे आलात" याचं खरं उत्तर म्हणजे एका वेगळ्या गुन्ह्याची कबुली ठरू शकते, त्यामुळे तिथेही तेच वाक्य.

हा हक्क येतो कुठून? अमेरिकेच्या घटनेत झडतीपासून आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्यापासून संरक्षण आहे ते सिटिझनला असं लिहिलेलं नाही, माणसाला असं आहे. १८८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी लाँड्रीवाल्यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने परदेशी माणसालाही घटनेचं संरक्षण असल्याचं मान्य केलं, आणि त्यानंतर बिना कागदाच्या लोकांबाबतही ते परत सांगितलं गेलं. सिनेमात बघून काही जण म्हणतात की मला मिरांडा, म्हणजे गप्प बसायच्या आणि वकिलाच्या हक्काची सूचना, वाचून दाखवलं नाही म्हणजे केस पडली. तसं नाही, १९८४ च्या निकालानुसार साध्या ट्रॅफिक स्टॉपमध्ये मिरांडा वाचायची गरजच नसते, आणि तुम्ही आपणहून बोललेलं सगळं वापरता येतं.

राज्यांचा फरक इथेही आहे. जर्सीत २०१८ साली ॲटर्नी जनरलनी काढलेला इमिग्रंट ट्रस्ट डायरेक्टिव्ह आहे, त्यानुसार लोकल आणि स्टेट पोलिसांनी चालू गुन्हेगारी तपासाशी संबंध असल्याशिवाय स्टेटस विचारायचं नाही. कॅलिफोर्निया आणि इलिनॉयमध्ये २०१७ चे तसेच कायदे आहेत. टेक्सासमध्ये २०१७ च्याच कायद्याने उलट, थांबवलेल्या माणसाला पोलीस स्टेटस विचारू शकतात. विचारू शकतात एवढंच, तुम्ही उत्तर दिलंच पाहिजे असा अर्थ नाही. फ्लोरिडात तर हायवे पेट्रोलसकट कित्येक पोलीस दलांनी आइसबरोबर (बेकायदा राहणाऱ्यांना पकडणारी फेडरल इमिग्रेशन पोलीस यंत्रणा) २८७(जी) करार केलेत, म्हणजे तिकीट देणारा तोच माणूस इमिग्रेशनचं कामही करू शकतो. ही पद्धत १९९६ च्या कायद्यातली, रस्त्यावरचा प्रकार २०१२ च्या सुमारास बंद केला होता, २०२५ मध्ये परत आणला. करार केलेल्या काउंट्यांची यादी आइसच्याच वेबसाइटवर असते, नवीन गावात घर घेण्याआधी शाळांचं रेटिंग बघता तसं तेही बघा.

शेजारी आणि मागे बसलेल्यांनी ड्रायव्हरची वकिली करायची नाही. पॅसेंजरला लायसन्स दाखवायची गरज नसते, काही राज्यांत नाव विचारलं तर सांगावं लागतं, बस. तुम्ही विचारू शकता, "ॲम आय फ्री टू गो?" हो म्हणाला तर शांतपणे निघा.

उतरायला सांगितलं, झडती मागितली

उतरा म्हटलं की उतरायचं. १९७७ पासून ड्रायव्हरला आणि १९९७ पासून पॅसेंजरला सुद्धा पोलीस गाडीबाहेर बोलावू शकतो, हे सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत, रस्त्यावर त्यावर चर्चा नको.

झडतीचं वेगळं. "माइंड इफ आय टेक अ लुक?" हे फार गोड आवाजात विचारलं जातं आणि आपल्याला नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं, पाहुण्याला घर दाखवायला नाही म्हणतोय असं वाटतं. नाही म्हणायचा हक्क आहे हे पोलिसाने सांगायलाच पाहिजे असं नाही, १९७३ च्या निकालात तसं स्पष्ट आहे, त्यामुळे तो सांगणार नाही. तुम्ही म्हणायचं, "आय डू नॉट कन्सेन्ट टू अ सर्च." त्याच्याकडे ठोस कारण असेल, समोर काही दिसतंय वगैरे, तर तो वॉरंटशिवायही गाडी बघू शकतो, १९२५ पासून गाड्यांना ही वेगळी वागणूक आहे. तेव्हा हात आडवा घालू नका, दार धरू नका. नाही म्हटल्याचं रेकॉर्डवर आलं एवढंच तुमचं काम, पुढे वकील कोर्टात त्यावर भांडतो. जर्सीत तर २००२ च्या निकालाप्रमाणे संशयाला काही आधार असल्याशिवाय पोलिसाने संमती मागायचीसुद्धा नाही.

फोन हा त्यातला सगळ्यात नाजूक भाग. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की अटक केली तरी फोन उघडून बघायला वॉरंट लागतं. पण तुम्ही इन्शुरन्स कार्ड दाखवायला फोन अनलॉक करून हातात दिलात, आणि वर व्हॉट्सॲपवर मेव्हण्याचा मेसेज आला की वकील म्हणतो ओव्हरस्टेचं काही करता येणार नाही, तर मग कोर्ट काय करणार. इन्शुरन्स कार्ड कागदावर छापून ठेवा. फेस आयडी बंद ठेवा, पासकोड ठेवा.

तिकीट लिहून झालं की थांबवून ठेवायचं कारण संपतं. नेब्रास्कातली केस आहे, रॉड्रिग्ज नावाच्या माणसाची, तिकीट देऊन झाल्यावर कुत्रा आणेपर्यंत सात-आठ मिनिटं थांबवून ठेवलं, तर २०१५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की दुसरा काही संशय नसताना तेवढंही लांबवायचं नाही. म्हणून कागद परत हातात आले की विचारा, ॲम आय फ्री टू गो. इमिग्रेशनवाल्यांना बोलावून ते येईपर्यंत लोकल पोलिसाने उगाच ताटकळत ठेवणं याच निकालात अडकतं, वेळ नोंदवून ठेवा. व्हिडिओ काढायला हरकत नाही, जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया ज्या फेडरल अपील कोर्टाखाली येतात त्याने २०१७ मध्ये पोलिसांचं शूटिंग करायचा हक्क मान्य केलाय, फक्त फोन होल्डरवर असू द्या किंवा पॅसेंजरने धरावा, अचानक खिशातून काळी वस्तू काढू नका.

तिकिटावर सही मागितली तर करा, ती गुन्ह्याची कबुली नसते. आणि मग कोर्टाची तारीख. जर्सीच्या तिकिटावर कोर्टात यावंच लागेल असा चौकोन असतो, तो भरलेला असेल तर ऑनलाइन पैसे भरून सुटका नाही. घाबरून तारीख चुकवली की वॉरंट निघतं, आणि मग पुढच्या वेळी टेललाइटसाठी थांबवलं तरी थेट हातात बेड्या. कोर्टात जायची भीती वाटणं साहजिक आहे, सध्या कोर्टाच्या आवारातून लोकांना उचलल्याच्या घटना झाल्यात, पण जर्सीची बरीच म्युनिसिपल कोर्टं झूमवर तारीख देतात, वकिलामार्फत तशी मागा.

दारूबद्दल एकच वाक्य: दोन पेग घेतले असतील तर उबर करा, डीयूआयच्या नुसत्या अटकेवरही व्हिसा रद्द होतो, स्टेटस नसलेल्याची तर बातच सोडा.

समोरचा पोलीस नसून आइस असेल तर

त्यांच्या जॅकेटवर मोठ्या अक्षरात पोलीस असंच लिहिलेलं असतं आणि गाडी बऱ्याचदा साधी, बिना पट्ट्यांची. शांतपणे विचारा, "आर यू पोलीस ऑर इमिग्रेशन?" आइसचं काम ट्रॅफिकची तिकिटं देणं नाही. त्यांना गाडी थांबवायला आत कोणीतरी बेकायदा आहे असा ठोस संशय लागतो, नुसता चेहरा बघून चालत नाही, असं १९७५ चा निकाल सांगतो. पण कागदावरचं आणि रस्त्यावरचं यात आता अंतर पडलंय. सप्टेंबर २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या केसमध्ये खालच्या कोर्टाने वंश, भाषा, कामाची जागा एवढ्याच आधारावर थांबवायला मनाई केली होती, ती सुप्रीम कोर्टाने केस चालू असेपर्यंत बाजूला ठेवली. त्यामुळे माझ्याकडे बघून थांबवलंच कसं, हा वाद रस्त्यावर घालू नका, तो वकिलासाठी ठेवा. समुद्रकिनाऱ्यापासून किंवा सीमेपासून शंभर मैलांत बॉर्डर पेट्रोललाही जादा अधिकार असतात, आणि अख्खं न्यू जर्सी त्या पट्ट्यात येतं.

वॉरंट दाखवलं तर खाली सही कोणाची ते बघा. आय-२०० किंवा आय-२०५ असा फॉर्म असेल तर तो जजचा नसतो, आइसच्याच अधिकाऱ्याचा असतो. घराच्या दाराशी या फरकाला मोठं वजन आहे. सार्वजनिक रस्त्यावर मात्र त्यावर अटक करता येते, हे लोकांना सांगितलं की निराश होतात पण खरं तेच आहे. तेव्हा उतरा म्हटलं तर उतरा, पळू नका, ढकलाढकली करू नका, काचा फोडल्याचे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. वाक्यं तीच: गप्प राहायचंय, झडतीला संमती नाही, आणि तिसरं, "आय वॉन्ट टू स्पीक टू अ लॉयर."

आत नेल्यावर कागद पुढे करतील. व्हॉलंटरी डिपार्चर (आपणहून देश सोडणं), स्टिप्युलेटेड रिमूव्हल (सुनावणीशिवाय हद्दपारी मान्य करणं), अशा नावांचे. सही केलीत तर उद्या घरी जाल असं सांगतील, आणि घरी म्हणजे एडिसन नव्हे, मुंबई एअरपोर्ट. वकिलाने वाचल्याशिवाय कशावरही सही नको. भारतात परत जायला तुम्हाला जिवाची भीती असेल तर ते तिथे स्पष्ट सांगा, हा एकच विषय आहे जिथे गप्प बसून नुकसान होतं.

इमिग्रेशन कोर्टात सरकार फुकट वकील देत नाही, हे क्रिमिनल कोर्टासारखं नाही. बॉन्ड, म्हणजे जामीन, मिळू शकतो, कमीत कमी दीड हजार डॉलर, प्रत्यक्षात बराच जास्त. व्हिसावर येऊन ओव्हरस्टे झालेल्याची बाजू इथे बरी असते, कारण बॉर्डर ओलांडून आलेल्यांना बॉन्ड द्यायचाच नाही असा निर्णय इमिग्रेशन अपील बोर्डाने सप्टेंबर २०२५ मध्ये दिला आणि त्यावर फेडरल कोर्टांत मारामारी चाललीय. आणि जानेवारी २०२५ च्या लेकन रायली कायद्याखाली स्टेटस नसलेल्या कित्येकांना दुकानातल्या चोरीच्या नुसत्या आरोपावरही डांबून ठेवता येतं, तेव्हा सेल्फ चेकआउटला वस्तू नीट स्कॅन करा, मी चेष्टा करत नाहीये.

घरच्यांची तयारी

हे आजच करा, कारण त्या दिवशी फोन त्यांच्या हातात असेल, तुमच्या नाही. एक वही करा. त्यात वकिलाचा नंबर, तुमचा ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याचा तुमचा फाइल नंबर (वर्क परमिटचं कार्ड कधी मिळालं असेल, विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर कामासाठी मिळणाऱ्या ओपीटीचं सुद्धा, तर त्यावर असतो), पासपोर्टची कॉपी, आय-९४, सगळ्या पिटिशनच्या पावत्या. बायको-नवऱ्याचा नंबर तोंडपाठ पाहिजे, आपल्या कोणालाच आता नंबर पाठ नसतात.

माणूस कुठे आहे हे आइसच्या ऑनलाइन डिटेनी लोकेटरवर शोधता येतं, ए-नंबर आणि जन्माचा देश टाकून, किंवा नाव टाकून. नावाने शोधताना आपली गंमत होते. मराठी पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये पुष्कळदा वडिलांचं नाव जोडलेलं असतं, म्हणजे घरी नुसता राजेश असलेला माणूस तिथे राजेश विष्णू असतो, बायकांचं लग्नाआधीचं की नंतरचं हा आणखी घोळ. स्पेलिंग जसंच्या तसं जुळावं लागतं. म्हणून पासपोर्टवरची दोन्ही ओळींची स्पेलिंग वहीत मोठ्या अक्षरात उतरवून ठेवा. जर्सीत पकडलेल्याला नेवार्कच्या डिलेनी हॉलमध्ये किंवा एलिझाबेथला ठेवतात, पण तिथून लुइझियाना किंवा टेक्साससारख्या लांबच्या ठिकाणी हलवतात, आणि त्याला फार दिवस लागतातच असं नाही. वकील पहिल्याच दिवशी कामाला लागायला हवा तो याचसाठी.

भारतीय वकिलातीला कळवा असं म्हणायचा हक्क व्हिएन्ना कन्व्हेन्शनखाली आहे, पण भारताच्या बाबतीत ते आपोआप कळवत नाहीत, तुम्ही मागावं लागतं. न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, अटलांटा, सॅन फ्रान्सिस्को, सिॲटल इथे कॉन्सुलेट आहेत. ते वकील देणार नाहीत, पण घरच्यांशी संपर्क आणि पासपोर्टची कामं होतात. ज्यांना परत जायची भीती आहे त्यांनी मात्र आधी वकिलाला विचारावं.

पोरं शाळेत असतील तर त्यांना कोण आणणार? शाळेच्या पिकअप लिस्टमध्ये स्टेटस पक्कं असलेल्या एका मैत्रिणीचं नाव आधीच घालून ठेवा.

आणि गाडी. ड्रायव्हरला नेलं आणि दुसऱ्या कोणाकडे लायसन्स नसेल तर गाडी टो होते आणि यार्डात रोजचं भाडं चढत राहतं, आठवड्यात ते काही शे डॉलरवर जातं. सोडवायला रजिस्ट्रेशनवर ज्याचं नाव आहे तो माणूस, वैध लायसन्स आणि चालू इन्शुरन्स लागतो, म्हणून शक्य असेल तर टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, लायसन्सवाल्या दुसऱ्या माणसाचंही नाव घालून घ्या, आणि जादा किल्ली घरातल्या खुंटीवर ठेवा, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको.